ओल्या फडक्यातली मुळं

४ मार्च

धाकट्या,

पत्र फाडण्याआधी एवढं वाच, की मी हे आपण होऊन लिहीत नाही. तुझ्या मुलीनं मला पत्र पाठवलं, त्याचं हे उत्तर आहे. तिला परस्पर लिहिलं असतं तर तू म्हणाला असतास, ताई मागच्या दारानं घरात शिरली. म्हणून पुढच्या दारानं येते आहे. फोन तू उचलत नाहीस. म्हणजे सगळ्या जगाचा उचलतोस, माझा सोडून.

भाची काय लिहिते ते जसंच्या तसं उतरवते: "आत्या, आमच्याकडे पिल्लू आलंय. त्याचं नाव टोस्ट, कारण तो कडेनं जास्त भाजलाय. बाबा म्हणतात एक महिना बघू, नाहीतर परत देऊन टाकू, कारण आपल्या घरात कुत्रं जगत नाही. म्हणून कुत्र्यानं काय काय खायचं नसतं त्याची पूर्ण यादी पाठव. झाडांची पण पाठव. आई म्हणते तुला झाडांचं सगळं माहीत असतं. बाबा काहीच म्हणत नाहीत. मनुके लिहू नकोस, ते आमच्याकडे नसतातच. बाबा बेकरीत आणू देत नाहीत. तरी रोज बेकरी बंद करताना ओट्याखाली हात घालून बघतात, काही पडलंय का."

अक्षर तुझ्यावर गेलंय, कोंबडीचे पाय. खोचकपणा कोणावर गेलाय ते तू म्हणशीलच.

मनुक्यांचं वाचलं. बरं झालं, निदान तेवढं शिकलास.

आपल्या घरात कुत्रं जगत नाही, हे मात्र खरं नाही. मुकादम अकरा वर्षं जगला. रोज सकाळी नर्सरीत वाफ्यांच्या मधून फेरी मारायचा, रोपांच्या पिशव्या भरणाऱ्या बायकांच्या समोर जाऊन बसायचा आणि काम सुरू झालं की मगच उठायचा. असा मुकादम आपल्या वडिलांना अख्ख्या आयुष्यात मिळाला नव्हता, असं अण्णाच म्हणायचे. तो सहा वर्षांपूर्वी दोन दिवसांत गेला. का गेला, आणि त्यावर मी दवाखान्याच्या अंगणात चार माणसांत तुला काय बोलले, ते पुन्हा उगाळत नाही. तुलाही पाठ असेल.

आता यादी. मी नर्सरीवाली, मला पानं कळतात, स्वयंपाकघरातलं ऐकीव आहे. तरी लिहिते. चॉकलेट, जितकं काळं तितकं वाईट. द्राक्षं आणि मनुके. कांदा आणि लसूण, कच्चा असो की शिजवलेला, म्हणजे तुझे लसणीचे पाव बाद. कॉफीची पूड. जायफळ. तू परातीत फुगायला ठेवतोस ते कच्चं पीठसुद्धा, कारण ते कुत्र्याच्या पोटातही फुगतच राहतं, आणि वर त्याला चढते म्हणे. दारू प्यायलेलं पिल्लू कसं दिसेल याचा मी पाच मिनिटं विचार करत बसले, मग स्वतःलाच रागावले. बिनसाखरेच्या बिस्किटांत ती नवी गोड भुकटी घालतात, झायलिटॉल, ती तर फारच वाईट. च्युइंगममध्येही असते.

मला एक प्रश्न पडलाय. द्राक्ष माणसाला चालतं, पाखरांना चालतं, मग कुत्र्यानंच काय घोडं मारलंय? विचारून कळवते. आमच्या इथे गुरांच्या दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आल्या आहेत, त्यांना सवड असते.

झाडांची यादी नीट करायला हवी. चार दिवस दे.

ताई


९ मार्च

धाकट्या,

तू उत्तर दिलं नाहीस, म्हणजे पत्र फाडलंही नसशील. फाडलं असतंस तर तुकडे पाठवले असतेस, लहानपणी पाठवायचास तसे.

डॉक्टरीणबाईंकडे तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा त्यांना वाटलं माझी म्हैस आजारी आहे. दुसऱ्यांदा वाटलं मीच आजारी आहे. तिसऱ्यांदा त्यांनी खुर्ची दिली. द्राक्षांचं म्हणाल्या की ते आत्ता कुठे नीट कळायला लागलंय, द्राक्षातला कसलासा आंबटपणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. एखादा कुत्रा घोसभर खाऊन मजेत असतो आणि एखादा चार मनुक्यांत आडवा होतो. मला ऐकून बरं वाटलं. म्हणजे शिकलेल्या माणसांनाही सगळं ठाऊक नसतं.

मग मी लाल चादर फाडली. जुनीच होती. तिच्या चिंध्या करून नर्सरीत फिरले आणि कुत्र्याला बाधेल अशा प्रत्येक झाडाला एक एक बांधली. मला वाटलं होतं दहा-बारा होतील. माझ्याकडे एकशे साठ जातींची झाडं आहेत, त्यातल्या सत्तेचाळीस जातींना चिंधी लागली. सारी नर्सरी सिग्नलला थांबल्यासारखी दिसते आहे.

कण्हेर तर तुलाही माहीत आहे. पानापासून मुळापर्यंत विष. घाणेरी. धोतरा, तो मी विकत नाही, तो आपला आपण उगवतो. सायकसला मी इतकी वर्षं गरीब समजत होते, चार पायऱ्यांच्या बंगल्याबाहेर दोन बाजूंना उभा राहणारा शिपाई. त्याच्या एक-दोन बिया पोटात गेल्या तर कुत्र्याचं यकृत संपतं. मनीप्लांट, डिफेनबेकिया, यांनी मरत नाही सहसा, पण तोंड भाजल्यासारखं होतं, लाळ गळते. कोरफड! आपण तोंडाला फासतो, त्याला हगवण लावते. टोमॅटोचं पिकलेलं फळ चालतं, पाला चालत नाही. जे लोक नुसत्या देखण्या झाडांवर संशय घेतात त्यांनी हे वाचावं.

पिशव्यावाल्या मावशी अजून आहेत. गुडघे गेलेत, जीभ शाबूत. चिंध्या बघून म्हणाल्या, "माणसांना पण बांधा एकेक. कोणापासून लांब राहायचं ते कळेल तरी." मी म्हटलं, पहिली तुम्हालाच बांधते.

घड्याळवाले आले होते, ते दुरुस्तीचं दुकान आहे ना वळणावर, ते. दर वर्षी गुलाब नेतात. चिंधी कशाची ते मी सांगितलं, तर म्हणाले, "आमच्या कुत्रीच्या वेळी कुठे होती ही चिंधी?" त्यांना उन्हात उभं राहवत नाही, म्हणून मी विषय बदलला.

मुकादमाची फार आठवण येते हल्ली. शेवटच्या दिवशीसुद्धा त्यानं आपला रुबाब सोडला नाही. दवाखान्यात टेबलावर चढवायच्या आधी त्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या बुटावर भरपूर करून ठेवलं, आणि टेबलावरून उतरवल्यावर दुसऱ्या बुटावर. डॉक्टर म्हणाले होते, निदान समान न्याय आहे. एवढ्या दुःखातही मला हसू फुटलं होतं. तू हसला नव्हतास. तुला मी तोवर बोलले होते.

असो. रिकाम्या हातानं यादी पाठवायची नाही म्हणून आपल्या टेम्पोवाल्याबरोबर तीन कुंड्या पाठवते आहे. तो एक दिवसाआड तुमच्या गावी रोपं टाकतो, बेकरीच्या दारात ठेवील. अरेका पाम, स्पायडर प्लांट आणि एक पिवळा गुलाब. तिन्ही झाडं कुत्र्यानं मुळापासून शेंड्यापर्यंत खाल्ली तरी काही होणार नाही, डॉक्टरीणबाईंकडून खात्री करून घेतली आहे. पिल्लाला चघळायला काहीतरी हवंच, तर हे चघळू दे. माझ्या खास मिश्रणात लावली आहेत, हाडांचा चुरा आणि पेंड घालून. वर्षभर खत म्हणून काही घालायला नको. नुसतं पाणी.

भाचीला सांग, पूर्ण यादी वेगळ्या कागदावर आहे, ती भिंतीला लावायची. मनुके तिच्या सांगण्यावरून गाळले आहेत.

ताई


१३ मार्च, दुपारी

धाकट्या,

सकाळी फोनवर बोलले ते ऐकून तुला वाटलं असेल ताईचं डोकं फिरलं. तू फोन उचललास तो मी दुसऱ्याच्या नंबरावरून केला म्हणून. पिशव्यावाल्या मावशींचा नंबर होता.

तू म्हणालास, "बेकरी."

मी म्हटलं, "मी पाठवलेल्या कुंड्या कुत्र्यापासून लांब ठेव. आत्ताच्या आत्ता."

तू म्हणालास, "कोण बोलतंय?" सहा वर्षांत आवाज विसरलास की विसरल्यासारखं केलंस, ते मी विचारत नाही. मग म्हणालास, "एक उकरलीय. सकाळी बघितली."

मी म्हटलं, "डॉक्टरकडे ने. एरंडीची पेंड खाल्लीय असं सांग. उड्या मारत असला तरी ने."

आणि तू फोन ठेवलास. नंतर चारदा केला, वाजत राहिला. म्हणजे तू निघाला होतास असं मी धरून चालले आहे. तसंच धरून हे लिहिते आहे, टेम्पो पाचला निघतो.

काय झालं ते सांगते. घड्याळवाल्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. गुलाबाला विष नसतं. त्यांनी माझ्याकडून गुलाबाशिवाय कधी काही नेलेलं नाही. मग त्यांची कुत्री कशानं आजारी पडली? हा प्रश्न मला पडायला चार दिवस लागले, आणि खरं सांगायचं तर तो मला तीन वर्षांपूर्वीच पडायला हवा होता. ते तेव्हाही आले होते, हातात कुंडी घेऊन, सांगत होते की तुमच्या झाडानं माझी कुत्री मरायला टेकली. मी हसले होते. म्हटलं, गुलाबानं कोणी मरत नाही, घरात चॉकलेट पडलं असेल, बघा. पुढच्या वर्षी ते पुन्हा गुलाब न्यायला आले, तेव्हा मी समजले की त्यांचं त्यांना पटलं.

आज सकाळी त्यांच्या दुकानात गेले. ते एका डोळ्याला भिंग लावून बसले होते. ते भिंग न काढताच म्हणाले, "ताई, तिनं झाड खाल्लं नव्हतं. झाड तिनं नीट बाजूला काढून ठेवलं होतं. एक पान तुटलं नव्हतं. माती खाल्ली होती."

मी म्हटलं, "माती कशाला खाईल?"

"तेच मी तुम्हाला विचारायला आलो होतो तेव्हा," ते म्हणाले.

तिथून डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी विचारलं मातीत काय घालता. मी अभिमानानं सांगितलं. दोन घमेली लाल माती, एक घमेलं शेणखत, अर्धं वाळू, दोन ओंजळी एरंडीची पेंड आणि एक ओंजळ हाडांचा चुरा. पेंडीपर्यंत त्या लिहीत होत्या. मग पेन खाली ठेवलं.

एरंडीचं तेल काढल्यावर जो चोथा उरतो त्याची पेंड होते. तेल औषध, आणि विष चोथ्यात राहतं. नीट तापवलेली असली तर चालतं, पण आपण घेतो ती गावठी घाण्याची, तिला कोण तापवतं? झाडांना ती मानवते, वाळवी लागत नाही. आणि कुत्र्याला तिच्याकडे बोलवायला मी वरून हाडांचा चुरा घातलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही विष ताटात वाढून वर तूप सोडलंत."

सत्तेचाळीस चिंध्या बांधल्या, धाकट्या. एकही कुंडीच्या आत बांधली नाही. सगळं पानांकडे बघून केलं. मातीकडे नर्सरीवाल्या माणसाचं लक्ष जात नाही, ती आपण हातानं कालवलेली असते.

या पेंडीचं विष लगेच दिसत नाही. सहा तास, कधी दिवसभर कुत्रा हसत खेळत असतो, मग उलट्या, मग रक्ताची हगवण. म्हणून सांगते, तो बरा दिसतो म्हणून घरी आणू नका. पोट साफ करून सलाइन लावतात. लवकर कळलं तर बहुतेक वाचतात, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. बहुतेक हा शब्द त्यांचा आहे, मी तो गाळत नाही.

घड्याळवाल्यांची कुत्री वाचली होती. दुकानात माझ्या पायाशीच बसली होती.

काय होतंय ते कळव. तू नको कळवू, भाचीला सांग.

ताई


१५ मार्च

धाकट्या,

टेम्पोवाला काल सकाळी परत आला. म्हणाला, बेकरीला कुलूप होतं, पत्र दाराखालून सरकवलं. बेकरीला कुलूप म्हणजे तू दवाखान्यात असशील असं मी म्हणते आहे. मावशी दुसरं काही म्हणायला गेल्या तर मी त्यांना पिशव्या मोजायला बसवलं.

परवाच्या पत्रात मी अर्धंच लिहिलं. उरलेलं अर्धं मला त्याच सकाळी कळलं होतं, तुला फोन करून मी पुन्हा दवाखान्यात गेले तेव्हा. ते न लिहिता मी टेम्पो गाठला. मनाला सांगितलं की आधी पिल्लू महत्त्वाचं. ते खरंच होतं, पण सोयीचंही होतं. आता पिल्लाचं काय झालं ते मला माहीत नाही, आणि ते कळायच्या आत हे लिहायला हवं. पिल्लू गेलं असेल तर नंतर लिहिण्यात काही राम नाही, आणि जगलं असेल तर मी पुन्हा गप्प बसेन. मला मी ओळखते.

तो दवाखाना तोच आहे. म्हातारे डॉक्टर गेले, पण त्यांनी कागद ठेवले होते, वर्षावार, दोरीनं बांधून. मी डॉक्टरीणबाईंना सहज म्हणून मुकादमाचं सांगितलं. म्हणजे सहज नव्हे. मला एकदम हुरहूर लागली होती आणि ती कोणीतरी काढून टाकावी असं वाटत होतं. मी म्हटलं, आमचा कुत्रा मनुक्यांनी गेला. भाऊ त्या दिवशी मागच्या खोलीत मनुक्यांचे केक करत होता.

त्यांनी केसपेपर शोधला. अर्धा तास लागला. वाचला आणि विचारलं, "मनुक्यांचं कोणी सांगितलं?"

"डॉक्टरांनीच."

"इथे तर लिहिलंय, काय खाल्लं माहीत नाही. पुढे लिहिलंय, मालकीण मनुके म्हणते." मग त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं. रक्ताची हगवण. उलटीत माती. आणि शेवटी डॉक्टरांच्या तिरक्या अक्षरात, लघवी दोनदा, भरपूर.

"मनुक्यांनी मूत्रपिंड जातं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी लघवी बंद होते किंवा थेंब थेंब होते. हा कुत्रा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचे दोन बूट भिजवतोय."

मी तुला त्या बुटांची गोष्ट गेल्या पत्रात गंमत म्हणून लिहिली होती. सहा वर्षं लोकांना गंमत म्हणून सांगत आले. ती तुझ्या बाजूची साक्ष होती आणि मी तिच्यावर हसत होते.

मी विचारलं, नक्की का? त्या म्हणाल्या, सहा वर्षांनी नक्की काहीच नसतं, पण त्यांना विचारलं तर त्या मातीवर बोट ठेवतील. आता मला जे नक्की माहीत आहे ते मी सांगते. अण्णा असेपर्यंत आपण निंबोळीची पेंड घालत होतो. एरंडीचं पहिलं पोतं मी मागवलं ते मुकादम गेला त्याच महिन्यात. ते टेम्पोतून तूच खांद्यावर उतरवून घेतलं होतंस आणि म्हणाला होतास, ताई, याला वास कसला येतोय. मी म्हटलं होतं, तुला मैद्याशिवाय कसला वास कळतो. आणि तो आजारी पडायच्या आदल्या संध्याकाळी मुकादमाचं नाक मातीनं माखलं होतं. मी माझ्या हातानं पुसलं. म्हटलं, काय साहेब, आज पाहणी जोरात दिसते. तो मिश्रणाच्या ढिगावरूनच आला होता. हे मला त्या दिवशी दवाखान्यातही आठवत होतं. पण माती ती माती, तिचं काय, असं वाटलं, आणि केक समोर दिसत होता.

अंगणात मी तुला म्हटलं, तुझ्या हातानं मेला तो. तू म्हणालास, ताई, मी एकही मनुका दिला नाही. मी म्हटलं, चोर कधी कबूल करतो का. मावशी होत्या, टेम्पोवाला होता, डॉक्टर होते. महिन्याभरात तू बेकरीचं सामान बांधून गेलास.

मनुका अगदीच निर्दोष नाही, टोस्टपासून त्याला लांबच ठेव. पण मुकादमाच्या बाबतीत तो सुटला. तू तर त्याच दिवशी सुटायला हवा होतास.

आणि माझं ते वाक्य, निदान तेवढं शिकलास, पहिल्या पत्रातलं. ते पत्र तुझ्याकडे असेल तर ते वाक्य खोड. नको, राहू दे. लिहिलं ते मीच.

नर्सरीत काय केलं ते सांगते, तुला बरं वाटावं म्हणून नव्हे, तुला कळावं म्हणून. मिश्रणाचा ढीग पत्र्याखाली बंद केला आहे. दारावर फळा लावलाय, कुत्रं असेल त्यांनी कुंडी घेऊन या, माती बदलून मिळेल. काल सात जण आले. घड्याळवाल्यांना मी म्हटलं, माझं चुकलं. ते म्हणाले, "वेळ बरोबर दाखवायला लागलं की आम्ही घड्याळ परत देतो, कशानं बिघडलं होतं ते पुन्हा पुन्हा सांगत बसत नाही." फार मोठा माणूस आहे. तू एवढं मोठं व्हायची गरज नाही.

आजची फेरी याच पत्राची आहे. मी फाटकाशी बसून लिहिते आहे.

ताई


१८ मार्च, टेम्पोत

धाकट्या,

अक्षर वाकडं येणार, रस्ता तसा आहे. आज टेम्पोची फेरी नसते, माझ्यासाठी काढायला लावली. हे पत्र पाठवणार नाही, हातात देणार आहे. समोर आल्यावर मला बोलता येत नाही, भांडता येतं, हे तुला माहीत आहे.

तुझी चिठ्ठी आज सकाळी टेम्पोवाल्यानं दिली. त्यानं ती काल संध्याकाळी घेतली म्हणे आणि खिशात सांभाळून आणली. पिठाची बोटं उमटलेल्या कागदावर चार ओळी. माझ्या शेवटच्या दोन्ही पत्रांबद्दल एक अक्षर नाही, खाली नावही नाही. मी कागद उलटून पाहिला, उजेडाला धरून पाहिला. मावशी म्हणाल्या, "जे लिहिलंय तेच वाचा की." तेव्हा मी ते मोठ्यानं वाचलं:

"टोस्ट चार दिवस दवाखान्यात होता. आज घरी आणला. पाणी प्यायला, पेज खाल्ली, माझी चप्पल खाल्ली. तुझ्या कुंड्यांची माती पोत्यात बांधून ठेवलीय. झाडं उपटली, मुळं ओल्या फडक्यात गुंडाळलीत. दोन दिवसांच्या वर टिकत नाहीत असं तूच सांगायचीस. कुठल्या मातीत लावू?"

मी वाचून झाल्यावर मावशी उठल्या, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि चाळणी घेऊन आल्या. म्हणाल्या, "काल दुपारी उपटली असतील तर उद्या दुपारपर्यंत. उभ्या काय राहिलात?"

मग आम्ही दोघींनी माती कालवली. दोन घमेली लाल माती, एक शेणखत, अर्धं वाळू. बस्स. पेंड नाही, हाडं नाहीत, निंबोळीचीसुद्धा नाही. खत भाची दर महिन्याला घालील, मी तिला शिकवते, तेवढं काम पोरांना असावं. मातीची पिशवी माझ्या मांडीवर आहे. टेम्पोवाला दोनदा म्हणाला, मागे टाका ताई, सांडेल. मी म्हटलं, तू रस्त्याकडे बघ.

भाचीनं लिहिलं होतं, तू रोज बेकरी बंद करताना ओट्याखाली हात घालून बघतोस. सहा वर्षं. बेकरीत मनुका आणत नाहीस, तरी पडलेला शोधतोस. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, अपराधी माणूस आहे, म्हणून शोधतो. काल मला ते नीट दिसलं. तुला माहीत होतं की तू दिला नव्हतास. मी इतकी ठासून बोलले की तुझा तुझ्यावरचा विश्वास उडाला. तुला वाटायला लागलं, दिला नसेल, पण पडला असेल. ताई उगाच कशी म्हणेल.

ताई उगाच म्हणाली होती. तू दिला नव्हतास आणि पडलाही नव्हता. आज बेकरी बंद करताना वाकायचं नाही. मी तिथे उभी राहून बघणार आहे.

वळण आलं, तुमच्या गावाचा पूल दिसतोय. टेम्पोवाला म्हणतो पाच मिनिटं.

दार तू उघडलंस तर टोस्टला आधी पुढे येऊ दे. तुझ्याकडे बघायच्या आधी मला कोणाकडे तरी बघावं लागेल.

ताई